घटक ४ : दोन दिवसांच्या नगरसहलीचा आराखडा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• स्थळांची यादी आणि सहलीचा आराखडा यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• आराखड्यात क्रियापदाच्या अर्थांची योग्य योजना करता येईल;
• आपल्या गावाहून मोठ्या शहरात जाणाऱ्या सहलीचा आराखडा लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

उपयोजित मराठीच्या अभ्यासात पत्र, अहवाल आणि इतिवृत्त यांचा विचार नेहमी होतो. सहलीचा आराखडा मात्र बोलण्यावरच निभावून नेला जातो. प्रौढ विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही. शनिवारची मजुरी बुडणार असते, घरच्या स्वयंपाकाची आणि लेकरांची सोय कोणावर तरी सोपवावी लागते, कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागते. अशा वेळी लिहिलेला आराखडा जाणाऱ्याच्या आणि घरी राहणाऱ्याच्याही हाती असतो. त्यातील प्रत्येक वाक्यावर कोणीतरी विसंबून असते.

उदाहरणादाखल असे समजा, की रिद्धपूर परिसरातील सहा विद्यार्थी शनिवार-रविवार नागपूरला जाऊ इच्छितात. त्यांचा आराखडा कसा तयार होईल, ते पाहू.

४.२ हेतू : कशासाठी जायचे?

‘पर्यटन’ या शब्दात ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘अटन’ हा शब्द आहे. अटन म्हणजे हिंडणे, फिरणे. महानुभाव वाङ्मयाच्या वाचकांना हा शब्द परिचित आहे. याच वाङ्मयात हेतुपूर्ण प्रवासाचे एक ठळक उदाहरण सापडते. श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित करताना म्हाइंभटांनी त्या लीळा ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे, हे ठरलेले असल्याशिवाय असा प्रवास संभवत नाही. सुमारे शके १२०० मध्ये रिद्धपुरात सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे त्या प्रवासांचे फलित आहे.

आपल्या सहा विद्यार्थ्यांनीही आधी एका वाक्यात हेतू लिहावा : “विदर्भाचा इतिहास आणि मराठी वाङ्मयव्यवहार यांच्याशी संबंधित तीन स्थळे पाहणे.” हे वाक्य लिहिले की निवड सोपी होते. १८६३ मध्ये स्थापन झालेले आणि ‘अजब बंगला’ या नावाने लोकांना ठाऊक असलेले मध्यवर्ती संग्रहालय या हेतूत बसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी बसते. विदर्भ साहित्य संघही बसतो. १९२३ मध्ये तो स्थापन झाला अमरावतीत आणि पुढे त्याचे मुख्य ठाणे नागपूर झाले. फुटाळा तलाव सुंदर असला, तरी या हेतूत बसत नाही. वेळ उरल्यास तेथे जाता येईल. हेतू लिहिलेला नसेल, तर सहाजणांच्या सहा इच्छा जोडून यादी तयार होते आणि दोन दिवस रिक्षांत जातात.

४.३ काळाचा हिशोब

आराखडा परतीच्या गाडीपासून उलटा मांडावा. रविवारी रात्री गावाकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते, ही पहिली नोंद. ती गाठण्यासाठी नागपूर केव्हा सोडायचे, ही दुसरी. अमरावती ते नागपूर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. गावाहून अमरावतीपर्यंतचा वेळ आणि गाडी बदलण्याचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो. असा हिशोब केला, की ‘दोन दिवस’ या शब्दांत प्रत्यक्षात दीड दिवसही नसतो, हे ध्यानात येते. रामटेक नागपूरहून ५० किलोमीटरच्या आसपास असल्याने तेही उरकून घेण्याचा मोह होतो. तो याच हिशोबाने आवरतो.

वारही महत्त्वाचा आहे. मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद असते. त्यामुळे ज्यांची सुटी रविवार-सोमवार असते त्यांनी ते रविवारीच पाहावे. १८१७ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेला सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्याच दिवशी सर्वांसाठी खुला होतो. तो आराखड्यात लिहून सहकाऱ्यांना आशेला लावणे योग्य नव्हे.

खर्चाचा तक्ता प्रवास, निवास, भोजन, शहरांतर्गत वाहतूक आणि राखीव रक्कम अशा पाच शीर्षकांखाली करावा. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. म्हणून स्त्री व पुरुष सदस्यांचा प्रवासखर्च स्वतंत्र दाखवावा.

४.४ क्रियापदाचे अर्थ आणि आराखडा

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. आराखड्यात चारही लागतात, परंतु त्यांची कामे वेगळी आहेत.

(अ) स्वार्थ – जे ठरले आहे, त्यासाठी. “आम्ही सकाळी सहाला निघत आहोत.” येथे वर्तमानकाळाचे रूप भविष्यातील पक्की गोष्ट सांगते. वऱ्हाडी बोलीतील “शनिवारी नागपूरले जाऊन राहिलो” या वाक्यातही हाच निश्चय आहे.
(आ) आज्ञार्थ – ज्यात सवलत नाही, त्या सूचनेसाठी. “ओळखपत्र सोबत ठेवा.”
(इ) विध्यर्थ – जे इष्ट आहे, त्यासाठी. “उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरची स्थळे टाळावीत.”
(ई) संकेतार्थ – जे दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, त्यासाठी. “साहित्य संघाचे कार्यालय उघडे असले, तर तेथे जाऊ.”

‘पाहू’ आणि ‘बघू’ या रूपांबाबत विशेष दक्षता हवी. “संग्रहालय पाहू” यात संकल्प आहे; “रविवारचे पुढे पाहू” यात टाळाटाळ आहे. ‘बघू’ हे उत्तर म्हणजे बहुधा सौम्य नकार असतो, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. आराखड्यात ज्या ‘पाहू’ला कर्म नाही, ते वाक्य पुन्हा लिहावे.

४.५ नमुना

शनिवार. आम्ही सहाजण सकाळी सहाला रिद्धपूरहून निघत आहोत. नागपूरला पोचून जेवण घेऊ. त्यानंतर मध्यवर्ती संग्रहालय पाहू. बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. साहित्य संघाचे कार्यालय उघडे असल्याचे दूरध्वनीवर कळले, तर संध्याकाळी तेथे जाऊ. नसल्यास सीताबर्डीत पुस्तके पाहू. मुक्कामाचा पत्ता घरी देऊन ठेवा.

रविवार. सकाळी दीक्षाभूमीला जाऊ. अकरा ते एक हा वेळ मोकळा आहे. दुपारी दोनला परतीच्या गाडीसाठी स्थानकावर या.

४.६ मोकळा वेळ

नमुन्यातील “अकरा ते एक” ही जागा जाणूनबुजून सोडलेली आहे. महानुभाव परंपरा सांगते, की गुजरातेतील राजपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला निघाले होते. वाटेत रिद्धपूरला त्यांना श्रीगोविंदप्रभू भेटले आणि त्या भेटीने त्यांचे पुढील सारे जीवन बदलले. तेच श्रीचक्रधर होत. ठरलेले स्थळ रामटेक होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला महत्त्वाचे ठरले ते वाटेतले गाव. प्रत्येक सहलीत असे काही घडेल, असा याचा अर्थ नाही. मात्र प्रत्येक तास बांधून टाकलेल्या आराखड्यात भेटलेल्या माणसाशी दोन शब्द बोलण्याचीही सोय राहत नाही.

४.७ सारांश

आराखड्याचा आरंभ हेतूने होतो, त्याचा हिशोब परतीपासून मांडला जातो आणि त्याची विश्वासार्हता क्रियापदांवर अवलंबून असते. निश्चित, इष्ट आणि सशर्त गोष्टी भाषेतच वेगळ्या दाखवल्या, तर वाचणाऱ्याला कशावर विसंबायचे, ते कळते.

४.८ सरावासाठी

१. “रविवारी जमले तर बघू” हे वाक्य आराखड्यास योग्य होईल असे पुन्हा लिहा. कोणता अर्थ वापरला, ते सांगा.
२. तुमच्या सहाध्यायांना मुंबई, पुणे वा नागपूर यांपैकी एका शहरात दोन दिवस जायचे आहे. हेतूचे एक वाक्य लिहून त्यात न बसणारी दोन प्रसिद्ध स्थळे वगळा व कारण द्या.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावाकडे येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या आणि तेथून उलटा आराखडा मांडा. तो घरातील एका व्यक्तीस वाचायला द्या. त्या व्यक्तीने विचारलेले प्रश्न नोंदवून आराखडा सुधारा.