मॅनेजर चांगला, मग मालक का नाही?

प्रश्न : वालीवला आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा गाळा आहे. ऑर्डरी, कामगार, डिस्पॅच सगळं मीच बघतो. तरी वडील म्हणतात, ‘‘तू मॅनेजर चांगला आहेस, धंदा पुढे नेणं वेगळं.’’ खरंच काही फरक असतो का?
– एक वाचक, वसई (पूर्व)

उत्तर : असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. खतावणी बघून निर्णय घेणाऱ्यानं तो माल कधीच बंद केला असता, आणि हिशेबानं त्याचं चुकलंही नसतं. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेलं माळरान देऊ केलं. १९१० साली लक्ष्मणरावांच्या शब्दावर माणसं बायकामुलांसह तिथे राहायला गेली. याला पुढे नेणं म्हणायचं.

पण शब्दावर आलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पाणी लागतं, महिनाअखेर पगार लागतो. माळावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीचा, म्हणजे किर्लोस्करवाडीचा, कारभार रामूअण्णांनी सांभाळला, यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांनी, हिशेब मंगेशराव रेग्यांनी. ही माणसं नसती तर किर्लोस्करवाडी माळावरच राहिली असती. तिथला एक निर्णय मला फार आवडतो : रखवालीला शिक्षा भोगलेले दरोडेखोर नेमले होते. असली नेमणूक कुठल्या मॅनेजरच्या नियमात बसेल? मात्र नेमल्यानंतर रात्रीचा पहारा वेळेवर लागतो की नाही, हे कुणीतरी रोज बघावंच लागतं.

तुमच्या शेजारी पापडीची बॅसीन कॅथलिक बँक घ्या. १९१८ साली धर्मगुरू मोनीस यांच्या पुढाकारानं ती सुरू झाली. पुढाकार एकदाच घ्यावा लागला. वसुली आणि ऑडिट मात्र शंभराहून जास्त वर्षं चालूच आहे.

तेव्हा व्यवस्थापन म्हणजे दुय्यम काम, असं मनात आणू नका. आपल्याकडे ‘लीडरशिप’च्या शिबिरांना गर्दी होते आणि गाळ्यात स्टॉकचं रजिस्टर कोरं असतं. मोल्ड वेळेवर बदलला, टेम्पो वेळेत हायवेला लागला, तर निम्मा धंदा तिथेच सांभाळला जातो. तुम्ही ते करता.

राहिलेलं अर्धं तपासायला एकच गोष्ट विचारा : पुढच्या वर्षी कोणता माल काढायचा आणि कोणत्या गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायचं, हे कोण ठरवतं? अजून वडीलच ठरवत असतील, तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्याकडून एका नव्या मालाचा निर्णय मागून घ्या, तोटा झाला तर तो तुमच्या खात्यावर, हेही आधी बोलून ठेवा. आणि तो माल मार्गी लागेपर्यंत डिस्पॅचला दुसरा भरवशाचा माणूस बसवा. दोन्ही कामं एकट्यानं करायला जाल, तर पहिली बोंब डिस्पॅचचीच होईल.