मांजरीचे निर्बीजीकरण आणि आपल्यावरील अमानत

वाचकहो, आपल्या पुष्कळ घरांत मांजर वावरते आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. या जिव्हाळ्याला आधारही आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीसाठी कलते केले. सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. जी घरात वावरते, तिची जबाबदारीही घरावर येते.

म्हणूनच तिचे निर्बीजीकरण करावे काय, हा प्रश्न दीनच्या कक्षेत येतो. 'अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ नको,' असे अनेक जण म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सूरह अन-निसाच्या 119व्या आयतीत सैतानाच्या चिथावणीने निर्मितीत बदल करण्याचा निषेध आला आहे. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ प्राण्यांना खस्सी करणे असा घेतला, तर काहींनी अल्लाहच्या दीनमध्ये बदल करणे असा. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनाही खस्सी करणे नापसंत होते.

दुसरीकडे, प्रेषित (स.) यांनी दोन खस्सी मेंढ्यांची कुर्बानी केल्याची हदीस अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. हनफी फिकहच्या 'दुर्रे मुख्तार' या ग्रंथात तर मांजरीचा नाव घेऊन उल्लेख आहे: लाभ असेल तर जायज, नसेल तर हराम. शाफई मसलकाचे इमाम नववी (रह.) यांनी मात्र ज्यांचे मांस खाल्ले जात नाही अशा प्राण्यांबाबत मनाई सांगितली आहे. कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत. त्यांनी आपल्या विश्वासू आलिमांना विचारूनच पाऊल उचलावे. अलीकडच्या काळातील शेख इब्ने उसैमीन (रह.) यांनी मांजरी फार वाढल्या असतील आणि शस्त्रक्रियेने इजा होणार नसेल, तर परवानगी दिली, जन्मल्यावर त्यांना मारण्यापेक्षा हे बरे, असे त्यांचे मत होते.

आता 'लाभ' म्हणजे काय, ते पाहू. मांजरी वर्षाची होण्याआधीच माजावर येते. सुमारे 9 आठवड्यांत ती विते. एका वेळी 4 पिल्ले सहज होतात आणि ती अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पुढे काय घडते, हे आपल्या वस्त्यांतून दिसतेच. पिल्ले गोणीत भरून मासळी बाजारात किंवा उकिरड्यावर सोडली जातात. काहींचे तर डोळेही उघडलेले नसतात.

एका स्त्रीने मांजरीला कोंडले. तिला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दहा दिवसांचे पिल्लू उघड्यावर टाकले, तर त्याला तरी अन्न कुठे शोधता येणार? शस्त्रक्रियेला गुनाह म्हणणारे हात पिल्ले टाकताना थरथरत नसतील, तर आपण अल्लाहचे भय बाळगतो आहोत की केवळ सोय पाहतो आहोत, हे स्वतःला विचारले पाहिजे.

निर्णय झाला, तर तो दयेने पार पाडावा. शस्त्रक्रिया पशुवैद्याकडून, पूर्ण भूल देऊनच करून घ्यावी. वेदनाशामक औषध वेळेवर द्यावे आणि टाके भरेपर्यंत मांजरीला जखम चाटू देऊ नये. मन तयार नसेल किंवा मसलक परवानगी देत नसेल, तर मांजरीला घरातच ठेवून बोक्यापासून दूर राखावे. तेही जमले नाही, तर होणाऱ्या प्रत्येक पिल्लासाठी आधीच घर पाहून ठेवावे. यांपैकी कोणताही मार्ग घ्या. गोणीचा मार्ग तेवढा सोडा.

मुके जनावर तक्रार करीत नाही, पण त्याचा हिशेब राहतो. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.