आधी स्वातीला विचार

कॅल्गरी

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

कॅनडात ट्रक चालवायला यायचं म्हणून एजंटला पैसे द्यायला शेत गहाण टाकू का, असं विचारलंस. टाकू नकोस. परदेशातून कामगार आणायचा तर इथल्या मालकाला बहुतेक वेळा सरकारची एलएमआयए नावाची मंजुरी लागते. तिची फी 1000 डॉलर, आणि ती मालकानेच भरायची. कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. मग तुझा एजंट लाखांत पैसे कशाचे मागतोय? त्याला एवढं विचार आणि गप्प बसून ऐक.

दुसरं तुझ्या हातातल्या कसबाचं. न्हावा शेवाहून भरलेला कंटेनर घेऊन तू बोरघाट चढतोस, मला त्याचा अभिमान आहे. पण आपलं हेवीचं लायसन इथे दाखवून ट्रेलर मिळत नाही. क्लास 1 चं लायसन नव्याने काढावं लागतं, एअर ब्रेकसकट, आणि त्याच्या प्रशिक्षणाला कित्येक हजार डॉलर जातात. एप्रिल 2018 मध्ये सस्कॅचवानमध्ये हम्बोल्टच्या हॉकी संघाच्या बसचा ट्रकशी अपघात झाला, 16 जण गेले. ट्रकवाला आपल्याच देशातून आलेला तरुण होता. एकट्याने गाडी चालवायला लागून थोडेच दिवस झाले होते, आणि चौकातली थांबायची पाटी त्याच्याकडून सुटली. आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर 2019 मध्ये सस्कॅचवान आणि आमच्या आल्बर्टात हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. पैसे वाचवायला कुणी आडवाट सुचवली तर हा मुलगा आठव.

आणि क्लीनर नसतो रे. हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात चाकांना साखळ्या चढवायच्या त्या आपणच, हात गोठले तरी. मात्र झोप मारून गाडी हाकायची सोय नाही, हे मला आवडतं. दिवसात जास्तीत जास्त 13 तास चालवायचं, आणि गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं.

आता खरं बोलते. हे सगळं तू निभावशील. मला काळजी स्वातीची आहे.

नवख्याला कामं मिळतात ती बहुतेक लांबच्या पल्ल्याची. पगार मैलावर, म्हणजे गाडी उभी तर बरेचदा मीटरही उभा. आमचे हे, म्हणजे तुझे मामा, सुरुवातीला ट्रक घेऊन विनिपेगकडे जायचे. घरी आले की निम्मा वेळ झोपेत. मी तळघरातल्या भाड्याच्या खोलीत, बाहेर उणे पंचवीस, पोराला ताप, गाडी चालवता येत नाही, आणि बसस्टॉपपर्यंत बाबागाडी बर्फातून ढकलायची. दार वाजवून साखर मागावी असं शेजारी कुणी नाही. (इथे फोन न करता कुणी कुणाकडे जात नाही, आपली माणसंसुद्धा.) मामांना गाडीत निदान काम होतं.

स्वाती तिकडे शाळेत शिकवते, तिचा स्वतःचा पगार आहे. इथे तिला काम करता येईल हे गृहीत धरू नकोस. जोडीदाराच्या वर्क परमिटचे नियम जानेवारी 2025 पासून कडक झाले आहेत, सरसकट सगळ्यांना ते मिळत नाही. ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला मिळेल का, हे एजंटच्या तोंडून नको, कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर तिनेच वाचावं.

बायकोपोरीला मागे ठेवू नये, असं मामा म्हणतात. मला नाही पटत. पहिलं वर्षभर तू तसाही रस्त्यावरच असणार. मग ईशा आजीआजोबांजवळ राहिली तर बिघडलं काय? शहरातल्या शहरात माल पोचवायचं काम मिळालं, रोज रात्री घरी यायला लागलास, की त्यांना आण. त्यात पैसे कमी मिळाले तरी तेच धर. आणि 'स्वतःच्या नावाने कंपनी काढ, पगार तिच्यात टाकतो' असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नकोस. नावाला मालक होशील, पण भरपगारी सुट्टी आणि अपघाताची भरपाई यांवर पाणी सोडावं लागेल.

तुझ्या निरोपात 'आम्ही ठरवलंय' असं चारदा आलं, तिचा आवाज मात्र कुठे नाही. तिला रविवारी सकाळी मला फोन करायला सांग. आमच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. तू शेजारी बसू नकोस.

वहिनींना नमस्कार, ईशाला गोड पापा.

तुझी,
आत्या