सैनिकांची आठवण

मुलांनो, दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता तुम्ही शाळेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहता. त्या दोन मिनिटांत तुमच्या मनात काय येते? खरे सांगायचे तर पुष्कळदा काहीच येत नाही. ज्यांची आठवण करायची, त्यांची आपल्याला ओळखच नसते. म्हणून आधी ओळख करून घेऊ या.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) या एका गावातील ४६ जवान मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारले आहे. आजही तेथील तरुण सैन्यात भरती होतात. गावाने आपली माणसे विसरली नाहीत, म्हणूनच हे घडले.

आता दुसरी हकिगत ऐका. अब्दुल हमीद यांचा जन्म १९३३ साली उत्तर प्रदेशातील धामूपूर या खेड्यात झाला. त्यांचे वडील शिंपीकाम करीत. हमीद सैन्यात हवालदार झाले. १९६५ च्या युद्धात, खेमकरण विभागात, त्यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी लढता लढता ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी ती आठवण आयुष्यभर जपली. खूप वय झाले असतानाही त्यांनी भूदलाच्या प्रमुखांना भेटून स्मृतिदिनाला येण्याची विनंती केली. १० सप्टेंबर २०१७ रोजी भूदलप्रमुख जनरल बिपीन रावत धामूपूरला आले. २०१९ साली रसूलन बीबींचे निधन झाले. बावन्न वर्षांनंतरही पतीची आठवण ताजी राहावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

'शहीद' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचा आहे. मराठीत 'हुतात्मा' असेही म्हणतात. शब्द दोन, पण आदर एकच.

तुम्ही म्हणाल, "आमचे पोंभुर्णा जंगलाच्या मुलखातले. येथून सीमा किती दूर!" सीमा दूर असली तरी सैनिक दूर नसतो. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आपल्यासारखाच राहतो. कोणी शेती करतो, कोणी बँकेच्या दारात पहारा देतो. रोज त्याच्या शेजारून जाऊनही आपल्याला ते ठाऊक नसते.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी मिळणाऱ्या लहान ध्वजावर तांबडा, गडद निळा व फिकट निळा असे तीन रंग असतात. ते भूदल, नौदल व वायुदल यांचे आहेत. जमा झालेला निधी शहिदांच्या कुटुंबांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरतात.

त्या दिवशी आपल्या परिसरातील एखाद्या माजी सैनिकाला शाळेत बोलवा. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवा. "तुम्ही किती शत्रू मारले?" असे मात्र विचारू नका. "घरचे पत्र आले की कसे वाटायचे? कोणता सोबती आठवतो?" असे विचारा. त्यांचा कंठ दाटून आला, तर शांत बसा. ती शांतताही एक सन्मानच आहे.

मग पुढच्या ३० जानेवारीला स्तब्ध उभे राहाल, तेव्हा तुमचे मन रिकामे राहणार नाही. तेथे एक चेहरा असेल.

शब्दार्थ : स्तब्ध – न हलता, शांत, मरणोत्तर – मृत्यूनंतर, निकामी – निरुपयोगी, निवृत्त – नोकरी पूर्ण केलेला.

स्वाध्याय
१. अपशिंगे गावाला 'मिलिटरी' का म्हणत असावेत?
२. रसूलन बीबींची इच्छा कोणती होती?
३. माजी सैनिकाला विचारण्यासाठी तीन प्रश्न मराठीत लिहा.