स्फटिकाला ऊन लागते तेव्हा

वऱ्हाडातील मे महिना कसा असतो हे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या मुलांना सांगायला नको. पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. माणसांना ऊन लागते, गुरांना लागते. पण रेडिओयंत्रातील गारगोटीच्या एका चिमुकल्या चकतीलाही ऊन लागते आणि त्यामुळे चांगले चाललेले संभाषण बंद पडते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? आज आपण या ‘आजारा’चे कारण व त्यावरचा उपाय पाहू.

हॉटस्पॉट म्हणजे काय?

रीतसर परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संभाषण करणाऱ्यांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. त्यांच्यापैकी बरेच जण आता डिजिटल पद्धतीने बोलतात. या पद्धतीत आवाजाचे प्रथम अंकांत रूपांतर होते आणि ते अंक रेडिओलहरींवरून पाठविले जातात. घरातल्या घरात हातातील संचाचा हा संदेश पकडून इंटरनेटवरून दूरच्या हॅमपर्यंत पोहोचविणारी एक छोटी पट्टी मिळते. तिला हॉटस्पॉट म्हणतात. ती बहुधा रास्पबेरी पाय नावाच्या लहानशा संगणकावरच बसविलेली असते.

या पट्टीवर क्वार्ट्झचा, म्हणजे शुद्ध गारगोटीचा, एक स्फटिक असतो. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युत्भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. उलट, त्याला विद्युत्दाब दिला की तो कंप पावतो. हे कंप इतके नियमित असतात की घड्याळापासून रेडिओपर्यंत सगळीकडे ते ताल धरण्याचे काम करतात. आपल्या पट्टीवरील स्फटिक सेकंदाला १,४७,४५,६०० वेळा, म्हणजे १४.७४५६ मेगाहर्ट्झने, कंप पावतो असे धरू. त्यावरूनच पट्टीची ४३४.५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता तयार केली जाते. ही मूळ तालाच्या सुमारे साडेएकोणतीस पट आहे. साहजिकच मूळ तालात झालेली चूकही साडेएकोणतीस पट होते!

२२ कंपांची चूक

डीएमआर नावाच्या डिजिटल पद्धतीत अंक पाठविण्यासाठी वारंवारता मध्यापासून चार ठिकाणी हलविली जाते : १९४४ हर्ट्झ वर, ६४८ वर, ६४८ खाली आणि १९४४ खाली. शेजारच्या दोन पायऱ्यांत १२९६ हर्ट्झचे अंतर असते. त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६४८ हर्ट्झवर, दोन पायऱ्यांमधील सीमारेषा येते.

आता समजा, पट्टीचा ताल बिघडून तिचा मध्यच ६४८ हर्ट्झ सरकला. मग चारांपैकी तीन पायऱ्या थेट सीमारेषांवर येऊन बसतील. अंक ‘या’ पायरीचा की ‘त्या’ पायरीचा, हे यंत्राला ठरविता येणार नाही. आवाज तुटक येईल किंवा बंदच पडेल. यासाठी मूळ स्फटिकाची चूक किती लागते? ६४८ भागिले साडेएकोणतीस, म्हणजे फक्त २२ कंप! दीड कोटीच्या जवळपास कंपांत २२ ची चूक म्हणजे दहा लाखांत दीड भाग.

साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत दहा-वीस भागही असू शकते. म्हणून अशा पट्टीवर ‘टीसीएक्सओ’ बसवितात. यात तापमान ओळखणारा भाग असतो. तापमान बदलले की तो स्फटिकावरील विद्युत्दाब किंचित बदलून ताल सांभाळतो. पण स्वस्त पट्टीवरील टीसीएक्सओ अडीच भागांइतका चुकला, तर ४३४.५ मेगाहर्ट्झला सुमारे १०८६ हर्ट्झचा फरक पडतो. आपल्या ६४८ च्या मर्यादेपेक्षा तो कितीतरी अधिक आहे.

चुकीचे दोन प्रकार

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एखादे घड्याळ नेहमीच पाच मिनिटे मागे असेल, तर पाच मिनिटे मिळवून आपण त्यावर वेळ पाहू शकतो. पण ते सकाळी दोन मिनिटे आणि दुपारी सात मिनिटे मागे असेल, तर कोणता आकडा मिळवणार? पहिली चूक स्थिर आहे. दुसरी सरकती आहे. स्थिर चूक आकड्याने सुधारते. सरकत्या चुकीचे मात्र कारणच दूर करावे लागते.

म्हणून उपायाचा क्रम असा :

१. पट्टी चालू करून अर्धा तास तापू द्या. थंड पट्टीवर केलेली जुळणी गरम पट्टीला लागू पडत नाही.

२. हातातील संच कमी शक्तीवर ठेवून काही मीटर अंतरावरून बोला आणि हॉटस्पॉटच्या पडद्यावर चुकलेल्या अंकांचे शेकडा प्रमाण, म्हणजे ‘बीईआर’, पाहा.

३. ‘ऑफसेट’चा आकडा ५० हर्ट्झच्या टप्प्याने बदला व प्रत्येक वेळचा बीईआर वहीत लिहा. समजा, उणे २०० च्या वर आणि उणे ९०० च्या खाली चुका एकदम वाढतात. तर मधला आकडा, उणे ५५०, कायम करा. काठावरचा आकडा घेऊ नका. मध्य घेतला की दोन्ही बाजूंना सरकायला जागा राहते.

४. आता सरकणे थांबवा. पट्टीखालच्या संगणकाची उष्णता थेट तिला लागते, म्हणून हवा खेळेल अशी पेटी वापरा. टिनाच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात ती ठेवू नका. नुसता गारवा उपयोगाचा नाही. तापमान एकसारखे हवे.

५. डिसेंबरच्या थंडीत केलेली जुळणी मे महिन्यात पुन्हा तपासा. इतके करूनही ताल ढळत असेल, तर चांगल्या प्रतीचा टीसीएक्सओ बसविणे हाच मार्ग उरतो.

करून पाहा

परवाना नसला तरी हेच तत्त्व तुम्ही घरी तपासू शकता. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंप करतो. साधारण २५ अंशांना तो सर्वांत वेगाने चालतो. त्याहून ऊन असो वा थंडी, तो मागेच पडतो. तापमानातील फरकाच्या वर्गाला ०.०३४ ने गुणले की दहा लाखांत किती भाग मागे पडेल ते मिळते. २० अंशांच्या फरकाला हे १३.६ भाग, म्हणजे दिवसाला सुमारे १.२ सेकंद होतात.

सेकंद दाखविणारी दोन घड्याळे घ्या. ती दहा दिवस एकाच खोलीत ठेवून त्यांच्यातील मूळ फरक नोंदवा. नंतर एक घड्याळ घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा दहा दिवस मोजा. खोली २५ व फ्रिज ५ अंशांवर असेल, तर नवा फरक सुमारे १२ सेकंदांचा यावा. शेवटी घड्याळांची अदलाबदल करा. फरक कोणत्या बाजूला गेला? चूक घड्याळाची होती की जागेची, याचे उत्तर तुमच्या वहीतील आकडेच देतील.