हंगामाआधी ट्रॅक्टरची बॅटरी तपासा
ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टर चालू झाला नाही, तर तोडलेला ऊस फडातच वाळतो अन् वजन घटते. बीडच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी आटते. बुचे उघडून पाहा. प्लेटा बुडालेल्या असाव्यात. कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

चार्ज केल्यावर काही तासांनी मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

अंधारात पाणी पाहायला काडी ओढू नका, विजेरी घ्या. बॅटरीतला हायड्रोजन पेटला तर ती फुटते. तारा सोडताना ऋण तार आधी, जोडताना शेवटी. ॲसिड डोळ्यांत गेलेच तर भरपूर पाण्याने धूत राहा अन् लगेच दवाखाना गाठा.