कुत्री अडली, हे कसे ओळखावे?

गाय विताना अडली, तर गोठ्यातली जाणती माणसे लगेच ओळखतात. घरची कुत्री अडली, तर ते पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ती कोपऱ्यात पडून राहते, घरचे लोक सकाळची वाट पाहतात आणि तेवढ्यात पिल्ले पोटातच दगावतात. कधी आईही वाचत नाही. हे टाळायला दोन साधी उपकरणे मोठी मदत करतात : थर्मामीटर आणि घड्याळ.

तापमान का उतरते?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. तिच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तापमानही किंचित चढे ठेवते. विण्यापूर्वी रक्तातील त्याचे प्रमाण झपाट्याने घटते आणि तापमान सुमारे एका अंशाने उतरून ३७ च्या आसपास येते. त्यानंतर साधारणपणे २४ तासांच्या आत कळा सुरू होतात.

ही घसरण काही तासच टिकते. दिवसातून एकदाच मोजले, तर ती दोन नोंदींच्या मधे निसटून जाईल. म्हणून ५८ व्या दिवसापासून सकाळी, दुपारी व रात्री मोठ्या माणसाने गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान घ्यावे. तुम्ही आलेख काढावा.

वऱ्हाडातला उन्हाळा

धापा टाकणे हेही विण्याचे एक लक्षण आहे. पण मे महिन्यात अकोला-अमरावतीची हवा ४४-४५ अंशांवर जाते. हवाच शरीराहून गरम, मग उष्णता बाहेर जाणार कशी? बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. माठ पाझरून गार होतो, कुत्री जीभ बाहेर काढून. तेव्हा उन्हाळ्यात धापांवर विसंबू नये, तापमान मोजावे.

त्यातही एक अडचण आहे. इतक्या तापलेल्या खोलीत पाऱ्याचा थर्मामीटर आधीच ४२ च्या पुढे चढलेला असतो. झटकला तरी पुन्हा चढतो, कधी फुटतोही. म्हणून मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, गार जागी ठेवावा. त्याचे टोक माठाच्या पाण्यात बुडवून, पुसून लगेच वापरावे.

आता घड्याळ पाहा

पुढीलपैकी काहीही दिसले, तर पशुवैद्यकांना त्वरित बोलवावे :

१. तापमान उतरून २४ तास झाले, तरी कळा नाहीत.
२. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही.
३. आत पिल्ले असूनही दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला.
४. पहिल्या पिल्लापूर्वीच काळपट हिरवा स्राव आला. वार सुटू लागल्याची ही खूण आहे.

अडण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, गर्भाशयाचा जोर अपुरा पडणे. दुसरे, वाटेत अडथळा असणे. पिल्लू आडवे आले किंवा पगसारख्या जातीत डोके मोठे असले, की अडथळा होतो. ऑक्सिटोसिन हे औषध जोर वाढवते, वाट मोकळी करत नाही. वाट बंद असताना जोर वाढवला, तर गर्भाशय फाटू शकते. म्हणून ते इंजेक्शन घरी कधीही देऊ नये. पिल्लू ओढूही नये. क्ष-किरण व सोनोग्राफीने नेमके कारण कळते आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, अमरावतीत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. पत्ता व दूरध्वनी आधीच लिहून ठेवा. वेदनेत गरीब कुत्रीही चावते; मुलांनी दूरच राहावे.

सोडवून पाहा

समजा, ६० व्या दिवशीच्या नोंदी अशा आहेत : सकाळी ६ वाजता ३८.१, दुपारी २ वाजता ३७.१, रात्री १० वाजता ३७.६. कळा अजून नाहीत. डॉक्टरांना उशिरात उशिरा केव्हा कळवाल? दुपारची नोंद राहून गेली असती, तर तुमचा निष्कर्ष कसा बदलला असता?